फुली-गोळा, सोमवार ते गुरुवार

अश्विनी, कावळा लगेच शिवला.

भीमेच्या काठावर तुझ्या दहाव्याला सगळे जमले होते. पिंड मांडून भटजी मागे सरले. आम्ही हात जोडून आभाळाकडे बघायच्या बेतात होतो, तेवढ्यात समोरच्या बाभळीवरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पुढे आला आणि त्यानं सरळ चोच लावली. कुणाला काही कबूल करायची वेळच आली नाही. "स्वराला आमी अंतर देणार न्हाय" हे सासू म्हणून आत्यांच्या ओठावर तयार होतं, ते तसंच राहिलं. तिथं उभ्या सगळ्यांना हायसं वाटलं. तुझी मोरगावची चुलती डोळे पुसत म्हणाली, "सोन्यासारखी पोर. कशातच जीव अडकला नव्हता तिचा."

मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला.

कशातच जीव अडकला नव्हता? तुझी स्वरा अजून दुसरीत आहे. तुझं एम.एस्सी.चं दुसरं वर्ष राहिलंय. मी गोळा मांडून ठेवलाय आणि चाल तुझी आहे. इतकं सगळं असताना तू पहिल्याच कावळ्याला होकार दिलास? थोडा वेळ तरी थांबायचंस. आम्हाला उन्हात उभं करायचंस, विनवण्या करायला लावायच्यास. मी नदीच्या काठावर सगळ्यांसमोर ओरडून तुला काय काय सांगणार होते, ते माझ्या घशातच राहिलं.

तेव्हापासून घरात माणसं येतायत आणि तुझ्याबद्दल काहीबाही बोलतायत. कुणी म्हणतं शांत होती. कुणी म्हणतं स्वयंपाकाला हात चांगला होता. मी ऐकते आणि मान हलवते. तुझ्या भाकरीला कधी पापुद्रा सुटला नाही, अश्विनी. आणि शांत तर तू नव्हतीसच. पट समोर असला की तू शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्यानं भांडायचीस. पण हे त्यांना कसं सांगू? आपण दोघी काय खेळायचो हेच या घरात कुणाला नीट ठाऊक नाही.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तुझ्याशी न पटवून घ्यायच्या तयारीनं बसले होते, हे तुला ठाऊक होतं. मी दहावी झालेली मोठी जाऊ. तू बारामतीच्या कॉलेजातनं गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, एम.एस्सी. अर्धं सोडून आलेली. आल्यागेल्या बायका मला सांगायच्या, आता ती तुला हिशेब शिकवंल बघ. पेरूचा हंगाम होता. शेडमध्ये आपण दोघी पेरूला फोमच्या जाळ्या चढवून पेट्या भरत होतो. तू खाली मान घालून काम करत होतीस आणि मी मुद्दाम बोलत नव्हते. पेट्या भरून झाल्या, गाडीचा पत्ता नव्हता. दोन थरांमध्ये घालायचा एक पुठ्ठा तू उचललास, पेट्यांवर नाव टाकायचा मार्कर घेतलास आणि उभ्या दोन, आडव्या दोन रेघा ओढून पुठ्ठा माझ्यापुढं सरकवलास.

"आक्का, फुली का गोळा?"

लहानपणी शाळेत खेळले होते तेवढंच. मी फुली घेतली. बरोबरी झाली. परत मांडला, परत बरोबरी. तिसऱ्या डावाला मी मार्कर टाकला आणि म्हणाले, "ह्यात काय राम न्हाय. दोघी शुद्धीवर असल्या की कुणीच जिंकत न्हाय."

तू हसलीस. या घरात आल्यावर पहिल्यांदा मोकळी हसलीस. म्हणालीस, "मग वर मजला चढवू की."

आणि तू शेजारी आणखी दोन चौकोन काढलेस. हा तळमजला, हा मधला, हा वरचा. आता ओळ एकाच मजल्यावर व्हायला पाहिजे असं काही नाही. तळाच्या घरावर मधलं घर, त्याच्यावर वरचं, अशी खांबासारखी उभी ओळ होते. जिन्यासारखी चढत गेलेली होते. एका खालच्या कोपऱ्यातून निघून मधल्या घरातून जाऊन समोरच्या वरच्या कोपऱ्यात निघालेलीही होते. मला आधी काही दिसेना. मग तू पेट्या एकावर एक रचून दाखवल्यास, आणि ती कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी ओळ मला एकदम दिसली. काय झालं होतं मला त्या क्षणी, ते मी तुला कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं ज्या शेडमध्ये मी वाकून काम केलं, त्या शेडला उंची आहे हे मला तेव्हा कळलं, असंच काहीसं वाटलं होतं.

"किती ओळी हायेत ह्याच्यात?" मी विचारलं.

तू मार्कर उचललास. साध्या तीन बाय तीनच्या चौकोनाभोवती घरांची एक चौकट काढलीस आणि म्हणालीस, "ही नवी घरं मोजा." सोळा भरली. "आता हरेक ओळ दोन्ही टोकांनी एक-एक घर लांबवा. चौकटीतल्या दोन घरांत तोंड काढती का न्हाय? मग सोळाच्या निम्म्या ओळी. आठ." मी बोटानं एक-एक ओळ लांबवून बघितली. खरंच, चौकटीतलं एकही घर रिकामं राहिलं नाही आणि एकाही घरात दोन ओळी आल्या नाहीत. तीन मजल्यांनाही तसंच सगळीकडून वेष्टन घालायचं. एकोणपन्नास ओळी. मला शाळेत गणितानं रडवलं होतं, आणि तू पेरूच्या पुठ्ठ्यावर, गाडी यायच्या आत, मला हे दाखवलंस. मोठी जाऊ म्हणून जो ताठा मी जपून ठेवला होता, तो त्या दिवशी शेडमध्येच कुठंतरी पडला. मी तो शोधायला गेले नाही.

तीन मजल्यांचा खेळ लवकरच बाद झाला, कारण मधोमधचं घर जिनं धरलं ती जिंकलीच. मग आपण चारावर गेलो. चार बाय चार, चार मजले, शहात्तर ओळी. तो आपल्याला वर्षानुवर्षं पुरला. गाडीची वाट बघताना, कांदे निवडताना, स्वराच्या वेळी तुला झोपून राहायला सांगितलं होतं तेव्हा. तू जास्त जिंकायचीस. मी जिंकले की तू पुठ्ठा उलटा करून, आडवा करून बघायचीस, कुठं चुकलं ते सापडेपर्यंत जेवायला उठायची नाहीस.

तुझं सोडलेलं एम.एस्सी. पुन्हा सुरू व्हावं म्हणून मी घरात भांडले ते याचमुळं. परोपकार नव्हता तो. मला पुढचं ऐकायचं होतं. सचिनभावजी बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यावर जाताना तुला मोटरसायकलवरून कॉलेजला सोडायचे आणि तू एसटीनं परत यायचीस. पिशवी ठेवून आधी मला शोधायचीस. आत्या म्हणायच्या, "नवऱ्याला सांगत न्हाय एवढं जावंला काय सांगती ही?"

एकदा अशीच आलीस. मी शेडमध्ये होते. चप्पलसुद्धा काढली नाहीस. म्हणालीस, "आक्का, चौथी दिशा मांडूया."

मी म्हणाले, "आडवं झालं, उभं झालं, वर झालं. आता दिशा उरलीच कुठं?"

तू शेडच्या कोपऱ्यातल्या पेटीवर हात ठेवलास. "ही पेटी. हाच कोपरा, हाच थर. पण आज सोमवार हाय. उद्या ह्याच कोपऱ्यात, ह्याच थरावर जी पेटी असंल ती मंगळवारची. जागा तसूभर हालली न्हाय. तरी घर वेगळं झालं का न्हाय?"

मी त्या पेटीकडं बघितलं. मग म्हणाले, "झालं."

"मग ती दिशाच की!"

तू सगळ्यात मोठा पुठ्ठा घेतलास आणि त्यावर सोळा चौकोन काढलेस. आडवे सोमवार ते गुरुवार. खालून वर चार मजले. दोनशे छप्पन्न घरं, पाचशे वीस ओळी. प्रत्येक घराचं नाव चार आकड्यांचं. पहिली जोडी वाराची आणि मजल्याची, दुसरी रांगेची आणि घराची. "चौदा-चौदा" म्हणजे सोमवार, चौथा मजला, पहिली रांग, चौथं घर. आपण असेच आकडे बोलायला लागलो आणि लोकांनी आपल्याकडं बघायला सुरुवात केली. आत्यांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमी दोघी आकडा बिकडा लावताय का काय गं?" तू हसून हसून जमिनीवर बसलीस.

त्या पटावरच आपलं खरं भांडण झालं, आणि ते मिटलं नाही.

तू कॉलेजातून ऐकून आली होतीस की दिशा वाढवत गेलं तर एक वेळ अशी येते की बरोबरी होऊच शकत नाही. सगळी घरं कशीही भरा, कुणाची तरी ओळ होणारच. हे सिद्ध झालंय, तू म्हणालीस. मी विचारलं, चाराच्या खेळाला किती दिशा लागतील? तू म्हणालीस, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही, पण कुठंतरी ती वेळ येते एवढं पक्कं. तुला त्याचा केवढा आनंद झाला होता. मला भीती वाटली.

"म्हंजे कुणीतरी हरणारच," मी म्हणाले. "कितीबी जपून खेळा. दोघीबी हुशार असल्या तरी. असला खेळ कशाला मांडायचा?"

"आक्का, खेळ संपतोय तर खरा. हारली तर हारली, नवा डाव मांडायचा."

"मला बरोबरी आवडती."

"त्या दिवशी तर म्हणत व्हता, बरोबरीत राम न्हाय!"

तू वर आणखी सांगितलंस की दुसऱ्यांदा खेळणारीकडं हमखास जिंकायची युक्ती असूच शकत नाही. असती, तर पहिलीनं एक फुली कुठंतरी उगाच टाकून तीच युक्ती चोरली असती. जास्तीची फुली काही नडत नाही. हे मला पटलं आणि आणखी राग आला. आपण किती दिवस त्याच्यावर वाद घातला. मी म्हणायची, ज्या खेळात दोघी शेवटपर्यंत राहू शकत नाहीत तो खेळ वाईट. तू म्हणायचीस, आक्का, खेळ वाईट नसतो. तू मला उत्तर देणार होतीस, नीट विचार करून. परीक्षेनंतर, म्हणालीस.

परीक्षेआधी तुला ताप यायला लागला. अंगावर निळे डाग दिसायला लागले. इंदापूरच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कॅन्सर सांगितला तेव्हा सचिनभावजी भिंतीला टेकून खाली बसले. आणि तू मला विचारलंस, "आक्का, पाण्याची बाटली कुठं ठेवली?" एवढंच.

उपचार झाले. केस गेले. थोडं बरं वाटलं, मग परत ते रक्तात दिसलं. मग बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी मूळ पेशी लागतील. तुझ्या भावाची तपासणी झाली, जुळलं नाही. मी सगळ्यांच्या मागे उभी होते, पुढे झाले. "माझं बघा."

"तुम्ही कोण यांच्या?"

"मोठी जाऊ."

"म्हणजे रक्ताचं नातं नाही." बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. परक्या माणसाचं जुळायची शक्यता फार फार कमी असते. हवं तर देणाऱ्यांच्या यादीत नाव घालू, कधीतरी कुणाला तरी उपयोग होईल. मी म्हणाले, कुणाला तरी नको. हिलाच. पण बघा तर खरं. त्यांनी माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नेली.

मी वाट बघत राहिले, अश्विनी. वेड्यासारखी. मला वाटत होतं, एवढ्या लांबलांबच्या घरांतून ओळी जातात, जिथं बघावं असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही तिथून जातात, मग तुझ्यामाझ्यात एखादी तिरकी ओळ का नसावी? माझं माहेर कर्जतकडचं, तुझं मोरगावचं. कुठंतरी, चार पिढ्यांमागं, कुणीतरी. मी देवाला असलं काही मागितलं नव्हतं आयुष्यात. मुलगा मागितला नाही, पाऊस मागितला नाही. हे मागितलं. जुळलं नाही.

तू मला समजावत होतीस. आजारी तू, आणि समजावत होतीस मला! "बरं झालं. तुमचं रक्त माझ्यात आलं असतं तर माझ्याबी भाकरीला पापुद्रा सुटला असता. मग मला कुणी वळखलंच नसतं."

मग दुसऱ्या देणाऱ्याचा शोध चालू असताना तुला घरी आणलं. जंतुसंसर्ग नको म्हणून तुझी खोली वेगळी. आत फक्त भावजी जायचे, तोंडाला मास्क लावून. स्वरा अंगणातून हात हलवायची. मी तुझ्या खिडकीबाहेर स्टूल टाकून बसायची. मधे जाळी. पुठ्ठा माझ्या बाजूला भिंतीला टेकवलेला, तुला दिसेल असा. तू आकडे सांगायचीस, मी मांडायची.

शेवटच्याआधीच्या डावात पहिली खेळणारी मी होते. तुला ताप होता. तू अशा ठिकाणी गोळे सांगायला लागलीस की मी तुझ्याकडं बघत राहायची. ज्या ओळी तू झोपेत अडवल्या असत्यास, त्या तुला दिसेनात. माझी एक ओळ होत आली होती. सोमवारी चौथ्या मजल्यावर, बुधवारी दुसऱ्या, गुरुवारी तळाला. फक्त मंगळवारचं घर राहिलं होतं. तू ते अडवलं नाहीस. मीही तिथं गेले नाही. दुसरीकडंच कुठंतरी फुली टाकली. पुन्हा तुझी चाल, पुन्हा माझी. मी डाव लांबवत राहिले. मला वाटत होतं, जोवर घरं रिकामी आहेत तोवर तू आहेस. दोनशे छप्पन्न घरं होती. माझ्या मनात एवढंच होतं की ती भरायची नाहीत आणि संपवायची नाहीत.

तू जाळीला नाक लावलंस. कितीतरी वेळ पुठ्ठ्याकडं बघत राहिलीस.

"आक्का. चौदा-चौदा तुमचं. बत्तीस-बत्तीस तुमचं. एक्केचाळीस-एक्केचाळीस तुमचंच हाय ना?"

"व्हय."

"मग तेवीस-तेवीस मोकळं का हाय?"

मी मार्करचं टोपण लावलं.

"माझी कीव करताय?"

"न्हाय गं."

"मग मांडा तितं फुली."

"आत्ता नको, अश्विनी. उद्या खेळू."

"आक्का, मांडा!" एवढ्या जोरात ओरडलीस की आत्या पदर सावरत बाहेर आल्या. तुला धाप लागली. तरी बोलत राहिलीस. "मला समदी जपून बोलतात. डॉक्टर जपून बोलतात, सचिन जपून बोलतो, माझी आई फोनवर हसून बोलती. एक तुमी खरं खेळत व्हता. तुमीबी सोडलं तर मी कुणाशी बोलू?"

मी फुली मांडली. ती वाकडीच आली. तू चारही घरं मोठ्यानं वाचलीस, एक-एक दिवस पुढं, एक-एक मजला खाली, आणि मग गादीवर मागं टेकून हसलीस. खरं हसलीस, अश्विनी. "कसली तिरकी ओळ काढलीसा! मला दिसलीच न्हाय." मी तुला चौथ्या दिशेत कधी हरवलं नव्हतं. हरवलं ते असं. मी स्टुलावर बसून पदरात तोंड घालून रडले, आणि तू आतून म्हणालीस, "रडायचं काय त्यात. पुसा पट. आता पहिली मी."

नव्या पुठ्ठ्यावर नवा डाव मांडला. तू फुली, मी गोळा. त्या डावात तू नीट खेळत होतीस. ताप उतरला होता, डोळे स्वच्छ होते, मला वाटलं आता होईल काहीतरी. कुणी देणारा मिळाल्याचा फोन येईल. मी तेव्हा फोन वाजला की धावायची.

मग दुपारी एकदम थंडी वाजून ताप चढला. पुण्यापर्यंत न्यायची सोय नव्हती, आम्ही बारामतीला नेलं. अतिदक्षता विभागाच्या दारातून तुला आत नेलं, आणि आपल्या मधली जाळीसुद्धा गेली. तुला बाहेर आणलं ते पांढऱ्या कापडात.

हे सगळं मी सोसतेय, असं लोकांना वाटतं. काल जे झालं ते मला सोसलं नाही.

आत्यांनी तुझी खोली धुऊन काढली. खिडकीपाशी टेकवलेला पुठ्ठा त्यांना पेटीतला वाटला, त्यांनी तो शेडमध्ये पुठ्ठ्यांच्या चवडीवर नेऊन ठेवला. त्यांचं काही चुकलं नाही. पेट्या भरणाऱ्या बायकांनी तो दुमडून कुठल्यातरी पेटीत दोन थरांमध्ये घातला. मी शेडमध्ये गेले तेव्हा गाडी निघून गेली होती. मी भावजींना हाक मारली. काय झालं हे सांगायलाही मला सुचेना, नुसतं "गाडी, गाडी" म्हणत होते. त्यांनी मोटरसायकल काढली. तुझ्या जागेवर मी बसले आणि आम्ही इंदापूरपर्यंत गेलो. हायवेला पिकअप उभी होती, रिकामी. ड्रायव्हर चहा पीत होता. "वहिनी, माल गेला की मोठ्या गाडीत. हैद्राबादची गाडी व्हती. घंटा झाला."

भावजींनी मला विचारलं, "वहिनी, काय व्हतं त्या पेटीत?"

"डाव व्हता," मी म्हणाले. "आमचा. अर्धा."

ते मोटरसायकलला टेकून उभे राहिले. ट्रक जात होते, धूळ उडत होती. मग म्हणाले, "मलाबी शिकवते म्हणायची. शिफ्टवरनं आलो की म्हणायची, एकच डाव खेळ. मी म्हणायचो, रविवारी." आणि भर रस्त्याच्या कडेला ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. एवढा मोठा माणूस. त्या पटावर रविवार नव्हताच, अश्विनी. हे मी त्यांना सांगितलं नाही.

घरी येऊन मी नवा पुठ्ठा घेतला. सोळा चौकोन काढले. आपली सगळी घरं आठवून मांडायला लागले. तुझी पहिली फुली, माझा गोळा, सगळं हाताला येत गेलं, आणि मग मी अडले. तुझी एक फुली तेहतीस-बारा होती की तेहतीस-एकवीस? मी डोळे मिटून तुझा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. कधी बारा ऐकू आला, कधी एकवीस. चितेपाशी मी इतकी रडले नव्हते. कारण हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि आता मला विचारायला कुणी नाही. आज बारा का एकवीस, उद्या आणखी एक घर जाईल. परवा तुझा आवाज. तुझं ते सिद्ध झालेलं सगळं मला अजून पाठ आहे. पण पहिली खेळणारी उठून गेल्यावर दुसरीनं काय करायचं, हे त्यात कुठंच नाही. मी पुठ्ठा समोर घेऊन बसते. स्वरा विचारते, "मोठी आई, काय करती?" मी म्हणते, काही नाही गं.

तू मला काय काय दिलंस हे मी आता बसून मोजणार नाही. मला ते मोजता येईलही, तूच शिकवलंस, भोवती वेष्टन घालायचं आणि टोकं मोजायची. पण मला आभार मानायचे नाहीत. आभार मानले की तू गेलीस असं होईल.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, भावजींनाही नाही.

तू दवाखान्यात असताना मला स्वरासाठी घरी पाठवलं होतं. सिस्टरचा फोन आला. म्हणाल्या, पेशंट ऐकतच नाहीत, तुमच्याशी बोलायचंय म्हणतात, एकच मिनिट. मी धावत खिडकीपाशी गेले आणि मार्कर उचलला. मला वाटलं, तू चाल सांगणार. फोनमध्ये कसला तरी यंत्राचा आवाज येत होता. मग तू बोललीस. फार हळू.

"आक्का, तू जेवलीस का?"

इतक्या वर्षांत तू मला कधी 'तू' म्हणाली नव्हतीस. भांडणातसुद्धा नाही. ते माझ्या कानावर आलं, पण थांबून ऐकायला मी तिथं नव्हते, मी पटावर होते. घाईघाईनं म्हणाले, "व्हय व्हय, जेवले. तू चाल सांग."

"बरं," म्हणालीस. आणि सिस्टरनं फोन घेतला.

मी खोटं बोलले, अश्विनी. मी जेवले नव्हते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तू विचारलंस तेव्हा मला एकदम कडकडून भूक लागली होती.